मराठी पवित्र शास्त्र : रोमकरांस पत्र वाचण्यासाठी ही प्रत कशी आहे?

गेल्या वर्षी जूनपासून नाताळापर्यंत आमच्या गुरुवारच्या अभ्यासगटाने रोमकरांस पत्राचे, म्हणजे बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचे, सोळाही अध्याय वाचले. गटातल्या प्रत्येकाजवळ निराळी प्रत असली की पानांचे क्रमांक जुळत नाहीत आणि अर्धा वेळ 'कुठे आहे, कुठे आहे' यातच जातो, म्हणून आम्ही नऊ जणांनी मराठी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, एकाच आवृत्तीच्या नऊ प्रती मागवल्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून उपासनेच्या वेळी पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते तेच हे भाषांतर आहे. ६६ पुस्तकांच्या ग्रंथाचे एका लेखात परीक्षण करणे हा वेडेपणा ठरेल, म्हणून मी एकच गोष्ट पाहणार आहे. माणसाचे तारण, म्हणजे पापापासून सुटका, त्याच्या कर्मांनी होत नाही, ते कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होते, हा पौलाचा मुद्दा या प्रतीतून मराठी वाचकापर्यंत कसा पोहोचतो, आणि कुठे अडखळतो, हे ती गोष्ट होय.

आधी वस्तूविषयी बोलतो. काळे रेक्झिनचे वेष्टन, कडांना लाल रंग, दोन स्तंभांत छपाई, ओवीचे क्रमांक बारीक पण ठळक, आणि पानाच्या तळाशी संदर्भ. (आमच्याकडील जुनी माणसे वचनाला अजूनही 'ओवी' म्हणतात, मलाही तीच सवय आहे.) कागद पातळ आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसतात. दिवसाउजेडी हा त्रास जाणवत नाही. पण अभ्यासगट संध्याकाळी साडेसातला भरतो.

आता शब्दांकडे येतो, कारण या भाषांतराचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही तिथेच आहेत.

पहिला शब्द 'तारण'. ख्रिस्ती घरात वाढलेल्याला या शब्दात काही विशेष वाटत नाही, पण आमच्या गटात एक काका आहेत, ज्यांनी पतसंस्थेच्या कर्जखात्यात तीस वर्षे नोकरी केली. पहिल्याच गुरुवारी ते हसून म्हणाले, "अहो, आमच्याकडे तारण कर्जदाराने आणायचं असतं. घर, सोनं, सातबारा. संस्थेनंच तारण द्यायचं, हे मी कधी ऐकलेलं नाही." सगळे हसले, पण त्या दिवशीचा माझा तयार करून आणलेला धडा मी बाजूला ठेवला, कारण काकांनी पौलाचा मुद्दा त्याच्याहून कमी शब्दांत मांडला होता. ऋणको रिकाम्या हाताने दारात उभा आहे आणि त्याच्या वतीने ठेवायचे ते धनकोनेच ठेवले आहे, हा अर्थ भाषांतरकारांच्या मनात असेल असे मला वाटत नाही. त्यांनी तारून नेणे याच अर्थाने शब्द घेतला असणार. तरीही मराठी भाषेने ही देणगी आपणहून दिली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा शब्द 'विश्वास'. येथे 'श्रद्धा' वापरता आली असती, आणि ती अधिक धार्मिक वाटली असती. पण श्रद्धेच्या पाठोपाठ मराठी मनात अंधश्रद्धा येते, आणि श्रद्धा ही माणसाच्या अंगचा एक गुणही मानली जाते. अमुक मोठा श्रद्धाळू, असे आपण कौतुकाने म्हणतो. विश्वासाचे तसे नाही. आपण डॉक्टरवर विश्वास ठेवतो, पुलावर ठेवतो, उधार देणाऱ्या वाण्यावर ठेवतो, आणि त्यात आपली थोरवी कोणी मोजत नाही. सारी मदार ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या भरवशावर असते. मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस' याच अंगाचा आहे. विश्वासालाच एक पुण्यकर्म करून टाकायचे, म्हणजे माझा विश्वास मोठा म्हणून माझे तारण पक्के असे मानायचे, ही चूक आमच्या मंडळ्यांत सर्रास होते. त्या चुकीला या शब्दाने तरी थारा दिलेला नाही.

पंडिता रमाबाईंनी याविषयी जे लिहून ठेवले आहे ते येथे सांगण्याजोगे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिज येथे झाला. पुढे १९०७ मध्ये दिलेल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळालेला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी, सत्कृत्यांत कोणाला हार न जाणारी बाई हे लिहिते, तेव्हा विश्वास म्हणजे मताला होकार देणे नव्हे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्या हातांनी छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले.

तिसरी गोष्ट शब्दाची नसून क्रियापदाची आहे, आणि या भाषांतरातले माझे सर्वांत आवडते स्थळ तेच आहे. माणूस नीतिमान 'ठरतो', असे येथे सर्वत्र म्हटले आहे. 'होतो' असे नाही. निकाल ठरतो, लग्न ठरते, दोषी किंवा निर्दोष ठरतो. हा निवाड्याचा शब्द आहे, आणि निवाडा दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो. चौथ्या अध्यायात यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याविषयी त्याला जोडून हिशेबाचा शब्द येतो : त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे 'गणण्यात आले'. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिराच्या कोपऱ्यात मान खाली घालून छाती बडवणारा जकातदार 'नीतिमान ठरून' घरी जातो, आणि उपासतापास व दशमांश यांचा पाढा वाचणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, तसाच परततो. तेथेही हेच क्रियापद आहे. एकच क्रियापद एवढ्या निष्ठेने पाळल्यामुळे, लूक वाचताना पौल आणि पौल वाचताना लूक आठवतो.

या एका क्रियापदावर युरोपात शतकभर रणे माजली. देव पाप्याला नीतिमान ठरवतो, की आपल्या कृपेने त्याला आतून नीतिमान करतो, हा तो वाद. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये दुसऱ्या बाजूचा ठराव केला. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लूथरन व रोमन कॅथोलिक प्रतिनिधींनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या तेव्हा मूळ मुद्द्यावर आपण एकमेकांना शाप देण्याचे कारण उरलेले नाही, असे दोघांनी मान्य केले. गटातल्या एका कॅथोलिक सुनेने, 'ठरतो'मध्ये 'होतो' येत नाही का, असे विचारले तेव्हा मी हे सांगितले. तिचे समाधान झाले नाही. प्रश्न रास्त होता, आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय येईपर्यंत आम्ही तो फळ्यावर तसाच राहू दिला.

लूथरन म्हटले की प्रॉटेस्टंट सुधारणेचा जर्मन पुढारी मार्टिन लूथर आलाच, म्हणून 'केवळ'ची गोष्ट. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात लूथरने रोम ३:२८ मध्ये (म्हणजे रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या अठ्ठाविसाव्या ओवीत) 'केवळ विश्वासाने' असे लिहिले. ग्रीकमध्ये तेथे 'केवळ' नाही. विरोधकांनी त्याला धारेवर धरले, आणि १५३० मध्ये त्याने भाषांतराविषयीच्या खुल्या पत्रात उत्तर दिले की, एक गोष्ट नाकारून दुसरी मांडायची असली की जर्मन माणूस हा शब्द वापरतोच. बाजारात आणि घरात लोक कसे बोलतात ते ऐका. आमच्या प्रतीत ३:२८ मध्ये 'केवळ' घातलेले नाही, ही या भाषांतराची सचोटी. गंमत अशी की, 'केवळ विश्वासाने' हे शब्द बायबलात एका ठिकाणी खरोखर येतात, ते याकोबाच्या पत्रात, आणि तेथे ते नाकारण्यासाठी येतात.

पण मराठीला 'केवळ'ची गरज कुठे असते? मराठीजवळ 'च' आहे. पौलाच्या इफिसकरांस पत्रात, इफिस २:८ मध्ये, भाषांतरकारांनी 'कृपेनेच तुमचे विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे' असे लिहिले. लूथरने अख्खा शब्द घालून जे केले ते आमच्या भाषांतरकारांनी एका अक्षराने केले. आणि तो 'च' त्यांनी विश्वासाला न लावता कृपेला लावला. विश्वास हे द्वार, आत नेणारी कृपा. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी 'आपले कृपाभिलाषी' छापून छापून गुळगुळीत झालेल्या या शब्दात त्या 'च'ने पुन्हा जीव आणला आहे.

'प्रायश्चित्त' या शब्दाविषयी मात्र वाचकाला सावध करायला हवे. रोम ३:२५ मध्ये, ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त व्हावे म्हणून देवाने त्याला पुढे ठेवले, असे आहे. मराठीत प्रायश्चित्त ज्याने चूक केली त्याने घ्यायचे असते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, आणि त्या चहापायी टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. ज्याने पेला हाती धरला त्यानेच ते घ्यावे, याविषयी वादातल्या कोणत्याही बाजूला शंका नव्हती. पौल नेमके तेच उलटे करतो. ज्याचा अपराध झाला तोच अपराध्याच्या वतीने प्रायश्चित्ताची सोय करतो. शब्द चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, याहून बरा मला सुचत नाही. पण येथे एक तळटीप हवी होती, आणि या आवृत्तीत ती नाही.

आता माझी मुख्य तक्रार.

पौल रोमकरांस व गलतीकरांस लिहितो तेव्हा या भाषांतरात 'कर्मे' हा शब्द येतो : माणूस नियमशास्त्रातील कर्मांनी नीतिमान ठरत नाही. याकोब लिहितो तेव्हा 'क्रिया' हा शब्द येतो : विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे. आणि इफिस २:१० मध्ये, ज्यासाठी आपण निर्माण झालो ती 'सत्कृत्ये' येतात. कर्मे, क्रिया, सत्कृत्ये. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, 'एर्गा'.

भाषांतरकारांनी असे का केले असेल, याचा अंदाज करता येतो. 'कर्म' म्हटले की मराठी माणसाला संचित, प्रारब्ध, करावे तसे भरावे हे सारे आठवते. हातून दूध उतू गेले तरी 'कर्म माझं' असे तोंडून निघते. नियमशास्त्राच्या पालनाने पुण्य गाठीला बांधण्याची जी धडपड पौल मोडून काढतो तिला 'कर्मे' हा शब्द चपखल बसतो. याकोबाला जे हवे आहे ते वेगळे आहे. भाऊ उघडा आहे, बहिणीला आजचे अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना ऊब घ्या, पोटभर जेवा असे म्हणून वाटेला लावता, याचा उपयोग काय, असे तो विचारतो. यासाठी 'कर्मे' नकोसे वाटले असणार. अर्थाच्या दृष्टीने ही निवड समंजस आहे. पण परिणाम असा होतो की, पौल आणि याकोब यांच्यात काही झगडा दिसतो हेच मराठी वाचकाला कळत नाही. एक कर्मांविषयी बोलतो, दुसरा क्रियांविषयी, भांडण संपले. लूथर ज्या ठिकाणी एवढा अडला की त्याने १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताची काडी लेखले, तिथून आम्ही ठेच न लागता पुढे जातो. जो प्रश्न वाचकाने सोडवायचा तो भाषांतरकाराने आधीच सोडवून ठेवला, आणि सोडवल्याचे सांगितलेही नाही.

या प्रतीचे तळाचे संदर्भ येथे कामी येतात, आणि त्यासाठी मी तिला पुरे गुण देतो. रोम ४:३ च्या खाली उत्पत्ती १५:६ (उत्पत्ती हे बायबलचे पहिले पुस्तक) आहे. याकोब २:२३ च्या खालीही उत्पत्ती १५:६ आहे. आम्ही एका गुरुवारी तीन ठिकाणी तीन बोटे घालून बसलो. अब्राहामाविषयीची तीच एक ओवी दोघेही पुढे करतात, आणि निष्कर्ष उलटे काढल्यासारखे वाटतात. तासाभराने काकांच्या ध्यानात आले की पौल पंधराव्या अध्यायातल्या रात्रीपाशी थांबतो, जेव्हा अब्राहामाजवळ ताऱ्यांखेरीज दाखवायला काही नव्हते. आणि याकोब पुढे बाविसाव्या अध्यायात आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी घेऊन डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत जातो. "खातं उघडलं तेव्हाची नोंद आणि पुढची उलाढाल," काका म्हणाले. हिशेबाची उपमा दरवेळी जुळतेच असे नाही. त्या दिवशी जुळली. संदर्भांचे अक्षर इतके बारीक नसते तर हे आम्हाला तासाभराऐवजी दहा मिनिटांत दिसले असते.

छपाईने केलेला एक घोटाळा मात्र मी विसरू शकत नाही. या आवृत्तीत इफिस २:९ उजव्या पानाच्या अगदी तळाला संपते. 'कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून कर्मे केल्याने हे झाले नाही', आणि पान संपले. आमच्या गटात एक मावशी आहेत, मिशनच्या इस्पितळात पस्तीस वर्षे परिचारिका होत्या. रात्रपाळ्या, कॉलऱ्याच्या साथी, बेवारशी प्रेतांना आंघोळ, सारे केलेले. वाचण्याची पाळी त्यांची होती. त्या तिथे थांबल्या, पुस्तक मिटले, आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी पस्तीस वर्षं फुकटच की." कोणी काही बोलेना. मलाही लगेच सुचले नाही. मग शेजारच्या मुलीने त्यांच्या मांडीवरचे पुस्तक उघडून पान उलटले आणि पुढची ओवी वाचली : 'कारण आपण त्याची हस्तकृती आहोत', आणि ती सत्कृत्ये आपण आचरावी म्हणून देवाने आधीच योजून ठेवली आहेत. मावशींनी ती ओवी दोनदा वाचायला लावली. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही; घरी जाताना त्या 'योजून ठेवली' हे शब्द पुटपुटत होत्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा राग होताच. पौलाने एका दमात सांगितलेली गोष्ट पानाच्या कडेने अशी दोन तुकडे करावी, आणि पहिला तुकडा एखाद्याने खरोखर पहिल्यांदाच ऐकावा, हे मांडणी करणाऱ्याच्या मनातही आले नसेल. पण वचने पाठ करून घेताना आम्ही मंडळींनीही हेच केले आहे. रविवारच्या शाळेत आठवी आणि नववी ओवी सगळ्यांना घोकायला लावतात. दहावी येणाऱ्या मुलाला मी अजून भेटलेलो नाही.

सोप्या मराठीत वाचायचे असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे, आणि नवख्या वाचकाने गोष्टींचा भाग त्यातून जरूर वाचावा. पौलाच्या युक्तिवादासाठी, एकच शब्द कुठे कुठे येतो याचा माग काढण्यासाठी, मी तरी याच जुन्या भाषांतराकडे वळेन. त्याची वाक्ये लांब आहेत, पण पौलाचीही लांबच आहेत.

बांधणीविषयी शेवटचे. नऊपैकी तीन प्रतींची शिवण सहा महिन्यांत सुटली, आणि तिन्हींची रोमकरांस पत्रापाशीच, कारण सारखे तेच उघडले जात होते. ज्या दुकानातून घेतल्या त्यांनी बदलून देण्यास नकार दिला. माझी प्रत मी गल्लीतल्या बाइंडरकडून कापडी पाठ लावून घेतली. तिला आता काही होणार नाही. नवी घेणाऱ्याने मध्यभागी उघडून पाने शिवलेली आहेत की नुसती चिकटवलेली, हे दुकानातच पाहून घ्यावे. साठीपुढच्या वाचकांनी मोठ्या अक्षरांची आवृत्ती घ्यावी. ती जाडजूड आहे, पिशवीत मावत नाही, पण मावशींनी आता तीच घेतली आहे, आणि तिच्यात इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या आठ, नऊ आणि दहा या तिन्ही ओव्या एकाच पानावर आहेत.